ओळ उचलणारे

गुनवोरआजी धक्क्यावर आली तेव्हा तिथे चौघं उभी होती, आणि एकमेकांपासून इतकी लांब की मधून गाय गेली असती. सकाळच्या बोटीने बर्गन शहराहून आलेली मंडळी. दिवसभर बेटावर हिंडली, खडकांवर पाठ शेकली, आपापल्या कोपऱ्यात आपापला डबा खाल्ला आणि आता साडेसहाच्या शेवटच्या बोटीची वाट बघत होती. एक पन्नाशीचं जोडपं, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक उंच माणूस, आणि पायऱ्यांवर लाल पिशवी घेऊन बसलेली कॉलेजातली पोरगी.

आजी त्यांना थांबवायला आली होती. आज संत योहानाची संध्याकाळ, भर उन्हाळ्यातला सण. सात वाजता वरच्या लाकडी देवळात गाणं व्हायचं, ते ह्या बेटावर एकदाही चुकलेलं नव्हतं. एकाने ओळ म्हणायची, समोरच्यांनी तीच परत म्हणून उचलायची. उचलल्याशिवाय पुढची ओळ म्हणायची नाही, अशी रीत. माणसं एकेक करून शहरात गेली. गेल्या वर्षी पहिल्या बाकावर तिचा म्हातारा एकटा होता, पण चाळीस जणांच्या आवाजात उचलायचा. ह्या हिवाळ्यात तोही देवाघरी गेला. आता म्हणणारी होती, उचलणारं कोणी नव्हतं. गाणं पहिल्याच ओळीवर अडणार होतं.

पण अनोळखी माणसाला ‘थांबता का’ म्हणून विचारायचं कसं? त्या किनाऱ्यावर बुडणारा माणूससुद्धा आधी ‘तुम्हाला त्रास तर नाही ना?’ म्हणेल.

“हवा छान आहे,” आजी म्हणाली.

“छान आहे,” दुर्बीणवाला म्हणाला.

झालं. एवढंच.

तेवढ्यात आजीची नजर खांबावर गेली. धक्क्यावर माणूस आहे हे बोटीला कळावं म्हणून खांबावरचं बटण दाबायचं असतं. मग वरचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि कप्तान बोट आत घेतो. नाहीतर तो सरळ निघून जातो. दिवा लागलेला नव्हता. प्रत्येकाला वाटत असणार, आधी आलेल्याने दाबलं असेल. आणि ‘दाबलंत ना?’ असं विचारणं म्हणजे समोरच्याला वेंधळा म्हटल्यासारखंच. कोण विचारणार?

खोटं काही जिभेनेच बोलतात असं नाही, गप्प राहूनही बोलता येतं. रविवारच्या शाळेत बेटावरच्या दोन पिढ्यांना हे तिनेच शिकवलं होतं. तिने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. पांढरी बोट खडकामागून बाहेर आली, तेव्हा आजी आपल्या बुटांकडे बघत होती.

बोट तोंड न वळवता सरळ दक्षिणेला गेली. तिच्या लाटा मागाहून आल्या, धक्क्यावर चार चापट्या मारून निवल्या.

आजीला राहवेना.

“माझी चूक!” ती एकदम मोठ्याने म्हणाली. “दिवा लागला नाही हे मला दिसत होतं. मी मुद्दाम बोलले नाही. सात वाजता वर गाणं आहे, आणि माझी ओळ उचलायला कोणी नाही. देव मला क्षमा करो, मला तुम्ही हवे होतात.”

जोडप्यातल्या बाईने घसा खाकरला. “मलाही दिसत होतं, आजी.”

“तुरिड!” तिचा नवरा म्हणाला. “मग बोलली का नाहीस?”

“उद्या रविवार. घरी जाऊन तू गॅरेज आवरणार आणि मी तुला आवरताना बघणार. इथे किती बरं वाटत होतं! पण थांबूया म्हणायचा तुला धीर होता का, आयविन?”

आयविनने टोपी काढली, परत घातली. “मला वाटलं, तुलाच जायची घाई आहे.”

“मला वाटलं, सगळ्यांनाच जायचंय,” पायऱ्यांवरची पोरगी म्हणाली. “म्हटलं, थांबायचंय असं आपण एकटीने कशाला सांगायचं...”

आता सगळे दुर्बीणवाल्याकडे बघायला लागले. तो कानापर्यंत लाल झाला.

“सगळ्यांत आधी मीच आलो,” तो म्हणाला. “बटणावर बोट ठेवलं होतं. मग काढून घेतलं.”

पहिल्यांदा तुरिड हसली. मग पोरगी, मग हसू धक्काभर झालं. आजी हसता हसता एप्रनने डोळे पुसायला लागली.

“सकाळी अकराला बोट आहे,” ती म्हणाली. “सायीची लापशी सवयीने मोठं पातेलंभर केलीय. मोकळ्या खाटा तीनच आहेत, एकाला होडीघरात झोपावं लागेल.”

“मी!” चौघंही एकदम म्हणाली.

चढण चढताना त्यांच्यातलं गाईएवढं अंतर कुठे गेलं ते कळलं नाही. देवळात मात्र सवयीने प्रत्येकाने वेगळा बाक धरला. “पुढे या रे,” आजी ओरडली, “देव बहिरा नाही, पण मी आहे!” ती हातांनी ओढायला निघाली तेव्हा कुठे चौघं पहिल्या बाकावर आली, खांद्याला खांदा लागेल अशी.

“मला सूर नाही हं,” आयविन पुटपुटला.

“त्याला खरंच नाही,” तुरिड म्हणाली.

आजी उभी राहिली. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. एक श्वास गेला. दुसरा गेला.

मग ओळ उचलली गेली. चार जणांनी, चार पट्ट्यांत, आणि सगळ्यांत मोठ्याने, सगळ्यांत बेसूर, आयविनने.

आजीला क्षणभर पुढचे शब्दच आठवेनात. आठवले, तेव्हा दुसरी ओळ तिने जरा खालच्या सुरात धरली, आयविनला पोचता यावं म्हणून.