जळालेली मोटर

“तू मशीन दुरुस्त करून जातोस की बिघडवून?”

मेकॅनिकने अजून हत्यारांची पिशवीही खाली ठेवली नव्हती. म्हातारा मिस्त्री लाकूड कापायच्या मशीनला टेकून उभा होता आणि चोर पकडल्यासारखा त्याच्याकडे बघत होता. मागच्या महिन्यात पट्टा निसटला होता. मग स्विच गेला. आज बटण दाबलं की मोटर नुसती गुरगुरत होती आणि टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं जागचं हलत नव्हतं.

“बाजूला व्हा, बघू द्या.”

“बघ. पण दर वेळी एक खोट मागे ठेवून जायचं बंद कर. बाजारभर सांगेन, हा माणूस पोट भरायला मशिनी आजारी पाडतो म्हणून.”

कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्रीची सून कपाटाच्या दाराला पॉलिश करत होती. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, त्यामुळे इथे हे दोघंच. त्यांच्यातून विस्तव जात नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

“ओरडून मोटर फिरते का, बाबा?” मान वर न करता तिने विचारलं.

“तू तुझा ब्रश मार!”

मेकॅनिकने मीटर लावून पाहिलं. मोटरपर्यंत वीज येत होती. प्लग काढून त्याने पातं हाताने फिरवलं, ते लोण्यासारखं फिरलं. पट्टा ताठ होता. राहता राहिला कंडेन्सर, मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा. शिव्या देऊन घसा कोरडा पडला तसा म्हातारा पाणी प्यायला घरात गेला, आणि मेकॅनिकने मोटरच्या पाठीवरचं झाकण उघडलं.

कंडेन्सरची एक तार सुटलेली होती. तुटलेली नव्हती, जळालेली नव्हती. व्यवस्थित दुमडून मागे खोचलेली होती, आणि तिचा स्क्रू परत घट्ट बसवलेला होता. आपोआप सुटलेली तार स्क्रू आवळून जात नाही.

त्याचं डोकं सणकलं. तो तरातरा सुनेपाशी गेला.

“वहिनी, हे तुमचं काम.”

“हो.”

ती नाकारेल, मग आपण काय बोलायचं, हे त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. ते सगळं वाया गेलं.

“पट्टासुद्धा?”

“पट्टा, स्विच, सगळं.”

“आणि बदनामी माझी! तुमच्या घरच्या भांडणात माझं नाव का मातीत घालता?”

“हळू बोला,” ती दात आवळून म्हणाली. तिने बाकाखालून एक काठी ओढून काढली. पात्यापुढे फळी ढकलायची लाकडी काठी. तिचं टोक पात्याच्या दातांनी कुरतडून खाल्लं होतं, अगदी मुठीजवळपर्यंत. मग तिने एक फळी पुढे केली. पेन्सिलची रेघ सरळ होती. काप तिच्यापासून अंगठाभर लांब, वाकडातिकडा गेला होता.

“त्यांना रेघ दिसत नाही. पातंही दिसत नाही, आवाजाच्या अंदाजाने ढकलतात. एक दिवस काठी सापडेना, तर हातानेच ढकलायला लागले. ते जेवायला गेल्यावर मी पट्टा पाडला.”

“मग तोंडावर सांगा ना त्यांना.”

“सांगितलं. म्हणाले, मला आंधळा ठरवून कारखाना घशात घालायचाय तुला. नवरा म्हणतो, तूच भांडखोर. उद्या यांची बोटं गेली तर घास कोण भरवणार? मीच ना? मला नाही भरवायचा!”

ती हे मायेने बोलत नव्हती, चिडूनच बोलत होती. बोलता बोलता तिने काठी आणि फळी परत बाकाखाली सारली.

आतून पावलं वाजली. मेकॅनिक परत मोटरपाशी येऊन बसला. तार जोडायची म्हणजे दोन मिनिटांचं काम. मशीन धडधडत सुरू झालं असतं आणि म्हाताऱ्याची बोलती बंद झाली असती. त्याने तार तशीच ठेवली आणि झाकण लावलं.

“काय निघालं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“मोटर जळाली, मिस्त्री.”

“म्हणजे?”

“आतल्या तारांचं वाइंडिंग गेलं. नवं भरूनही उपयोग नाही. हे मशीन संपलं आता.”

म्हातारा जवळ आला. गुडघ्यांवर बसला आणि मोटरला चेहरा टेकेल इतका वाकला. बराच वेळ तसाच राहिला. सुनेने ब्रश डब्यात ठेवला.

मग तो उठला आणि सकाळपासून ओरडला नव्हता एवढ्या जोरात ओरडला.

“नालायका! चांगल्या मशीनचं मढं केलंस! परत या दारात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन!” तो सुनेकडे वळला. “आणि तू काय बघत उभी राहिलीस? ते पातं उतरव आणि टाक भंगारात. उद्यापासून कापायचं काम बाहेर दे. गिऱ्हाइकांशी तूच बोल. मला नको ती कटकट.”

“बोलेन की. निदान शिव्या तरी देणार नाही.”

मेकॅनिक पिशवी उचलून बाहेर आला. तो ती स्कूटरला बांधत होता तेव्हा म्हातारा भिंतीला हात लावत लावत त्याच्यामागे आला. आता आणखी काय ऐकावं लागतंय म्हणून मेकॅनिकने मान खाली घातली.

“मला कळलंय, हे सुनेला कळू देऊ नकोस.”

“काय कळलंय, मिस्त्री?”

“जळालेल्या मोटरचा घाण वास गल्लीभर सुटतो, गाढवा,” म्हातारा आवाज न चढवता म्हणाला. “डोळे गेलेत माझे. नाक शाबूत आहे.”