शेवाळाचं सूप

परीक्षेच्या दिवशी मालसूननं मुद्दाम शेवाळाचं सूप केलं.

एरवी परीक्षेच्या सकाळी कुठलीच आई पोरापुढे हे सूप ठेवत नाही. शेवाळ बुळबुळीत, ते खाल्लं की पोर घसरतं आणि नापास होतं, असं अख्खं मासान गाव मानतं. मालसूननं वाडगा काठोकाठ भरला. तेगुन एकतीस वर्षांचा होता. तो पास होऊ शकेल अशी ही त्याची आयुष्यातली पहिलीच परीक्षा, आणि त्यानं नापास व्हावं म्हणून त्याची आई देव पाण्यात ठेवून बसली होती.

"आज कुणाचा वाढदिवस?" तेगुननं विचारलं. या घरात हे सूप फक्त वाढदिवसाला व्हायचं.

"कुणाचा नाही. खा गुमान."

दहा वाजता सरकारी अधिकारी बाई येणार होत्या. तीन वर्षांतून एकदा त्या यायच्या आणि कागदावर खुणा करायच्या. शर्टाची बटणं लावतो, लावत नाही. जेवण करून घेतो, घेत नाही. त्या खुणांवरून सरकारी मदतनीस बाईचे तास ठरत. ती रोज सकाळी तेगुनपाशी थांबायची, म्हणून मालसून मासळीबाजारात कालवं सोलायला जाऊ शकत होती. तेगुनला एकटं ठेवण्याची सोय नव्हती. कुत्रं दिसलं की तो त्याच्यामागे निघायचा. गेल्या हिवाळ्यात तो बसच्या डेपोत सापडला होता, नुसत्या मोज्यांवर. कुत्र्यांसाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

या सगळ्या घोळाला कारण झाला बोमी. सात महिन्यांपूर्वी एका केंद्रानं हा यंत्रमानव त्यांना वापरून बघायला दिला होता. भाताच्या कुकरएवढा, दोन आखूड हातांचा. तो एका वेळी एकच पायरी शिकवायचा. चुकलं की म्हणायचा, "आणखी एकदा." जमलं की तीन टाळ्या. तो दमत नसे आणि खेकसतही नसे. मालसून एकतीस वर्षं खेकसत आली होती, त्यामुळे सुरुवातीला तिला त्याचा रागच यायचा.

मग एका दुपारी ती बाजारातून आली, बोटं शिंपल्यांनी कापलेली, आणि तेगुननं तिच्यापुढे राम्यनचा, पाकिटातल्या शेवयांचा, वाडगा ठेवला. पाणी कमी, शेवयांचा गिचका, मीठ नको तेवढं. पण पाकीट त्यानं फोडलं होतं, पाणी त्यानं उकळलं होतं. लग्न झाल्यापासून तिला आयतं वाढणारा तो पहिलाच. तिनं रडत रडत सगळं संपवलं.

मदतनीस बाईला तिनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. बाई हसली नाही. समोरच्या इमारतीतल्या एका आईनं अधिकाऱ्यांपुढे मुलीला असंच सगळं करून दाखवायला लावलं, आणि त्या मुलीच्या मदतनिसाचे तास निम्मे झाले, असं तिनं सांगितलं. "तुमचा मुलगा हुशार झाला ना, की पहिली मला काढतील. मग काय करणार? त्या डोंगरापलीकडच्या संस्थेत ठेवणार त्याला?"

तिथे तो एकदा महिनाभर राहिला होता. परत आला तेव्हा त्याला मालसूनच्या हाताचीही भीती वाटायची.

परीक्षेला पाच दिवस उरले होते. मालसूननं बोमीला चादरीत गुंडाळून कपाटात घातलं आणि स्वतः शिकवायला बसली. त्याच्याच पद्धतीनं, एकेक पायरी. ती पाकीट पुढे धरायची. "म्हण, येत नाही." तेगुन म्हणायचा, येत नाही. तीन टाळ्या. आणखी एकदा. पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं पाकीट दातांनी फाडलं, तेव्हा तिनं ते हिसकावून घेतलं. पाचव्या दिवशी त्याचे हात मांडीवरून हललेही नाहीत. बोमीला सात महिने लागले होते, तिला पाच दिवस. क्षणभर तिला अभिमान वाटला, आणि मग स्वतःचीच किळस आली.

अधिकारी बाई वेळेवर आल्या. सोबत केंद्राचा माणूस होता. बटणं? येत नाही. दात? येत नाही. राम्यन? येत नाही. बाईंनी मान हलवत खुणा केल्या. तास कमी होणार नाहीत, उलट थोडे वाढतीलच, असं त्या म्हणाल्या.

"सात महिन्यांत काडीचा फरक नाही," केंद्राचा माणूस म्हणाला. "मग हा दुसऱ्या घरी देतो, जिथं उपयोग होईल." मालसूननं दाखवलेल्या कपाटातून त्यानं बोमीला काढलं. चादर घसरली. तेगुनचा चेहरा दिसताच बोमीचे डोळे उजळले.

"तेगुन, आज राम्यन करूया?"

तेगुननं हात मांडीवर ठेवले. "येत नाही."

"बिचाऱ्याला अजून आशा आहे," माणूस हसला आणि बोमीला काखोटीला मारून निघाला.

दार लागल्यावर मालसूननं तेगुनला पोटाशी धरलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं पातेलं काढलं आणि पाकीट त्याच्या हातात दिलं.

"कर आता, पिल्ल्या. गेली ती बाई. ते सगळं तिच्यापुरतं होतं."

तिच्यापुरतं म्हणजे काय, ते तेगुनला कळलं नाही. खोटं बोलता त्याला कुठं येत होतं? त्याला फक्त शिकता येत होतं.

त्यानं पाकीट खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

"येत नाही, आई," तो म्हणाला. ती टाळ्या वाजवत नाही असं बघून त्यानंच तीनदा वाजवल्या.