गाडी डावीकडे ओढते

गल्लीच्या वळणावर आली की गाडी डावीकडे ओढायची. रोज फूटपाथला घासून टायरची बाजू पार सोलवटली होती. सुट्टीच्या दिवशी त्यानं घरीच गाडी जॅकवर चढवली. मुलगा गेल्यापासून त्याची सायकल गॅरेजच्या भिंतीला टेकून तशीच होती. तिला धक्का न लावता त्यानं हवा तपासली, पुढची चाकं आपसात बदलली, शॉकअप दाबदाबून पाहिले. सगळं ठणठणीत. तरी वळणावर पुन्हा तेच.

"सरका, मी चालवून बघते," बायको म्हणाली.

सरळ रस्त्यावर तिनं हात सैल सोडले, गाडी नाकासमोर चालली. वळणावर मात्र चाक खर्रकन घासलंच.

"बघ! मी म्हणत नव्हतो? गाडीतच खोट आहे!" तो जवळजवळ आनंदानं ओरडला. मग त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. स्टिअरिंग तिनंच वळवलं होतं.

"अगं, रस्ता तर मोकळा होता. कुणासाठी बाजूला घेतलीस?"

"तुम्ही रोज ज्याच्यासाठी घेता, त्याच्यासाठीच," ती समोर बघत म्हणाली. "या वळणावर सायकल एवढी दामटत येतो, ब्रेक म्हणून लावत नाही कधी."