नाव लिहून होईपर्यंत

"हाक मारू नकोस," मोझेल दारातच म्हणाली. "बाबा नाव लिहितायत."

राफाएल चप्पल काढता काढता थांबला. त्याच्या मागे जिन्यात अ‍ॅम्ब्युलन्सचा मदतनीस बुद्धभूषण उभा होता. रास्ता पेठेतल्या त्या अरुंद जिन्यातून स्ट्रेचर उभं धरूनच वर आणावं लागलं होतं.

"आत्ता? अगं, बेड पाचपर्यंतच ठेवणार आहेत."

"मग पाचपर्यंत थांबू."

दोघांचं बाळ तिच्या कडेवर होतं, तिच्या ओढणीचं टोक चघळत. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. राफाएलनं दाराकडे पाहिलं, पण तो पुढे गेला नाही.

आठवडाभरापूर्वी बाबा हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा दोन्ही मनगटं सुयांनी काळीनिळी झाली होती. परत त्या नळ्यांत घालू नकोस, मला घरच्या घरी जाऊ दे, असं ते राफाएलला म्हणाले होते. राफाएल चिडला होता. उपाय असताना कुणी बापाला हातानं सोडतं का, असं त्यानं विचारलं होतं. मोझेल तेव्हा बाबांची मनगटं शेकत बसली होती. आज दम जास्तच लागलाय असा तिचा फोन आला आणि त्यानं ऑफिसातूनच सगळी सोय केली.

बुद्धभूषणनं स्ट्रेचर भिंतीला टेकवलं. नाव लिहायला एवढा वेळ कशाला लागतो, असं त्यानं हळूच विचारलं.

राफाएलनं दबक्या आवाजात सांगितलं. ते ज्यू. नातवाच्या खोलीच्या चौकटीवर लावायला बाबा कातड्याच्या पट्टीवर शास्त्रवचन लिहीत होते. त्यात देवाचं नाव येतं. चार अक्षरांचं. होता, आहे आणि असेल, हे सगळं त्या चारांत. ते कुणी उच्चारत नाही, वाचताना त्या जागी 'अदोनाय', म्हणजे 'प्रभू' म्हणतात. लिहिणारा आधी हात धुतो, मी हे नाव पवित्र म्हणून लिहितोय असं तोंडानं म्हणतो आणि मगच बोरू टेकवतो. एकदा टेकवला की मधे थांबायचं नाही. राजा येऊन नमस्कार करो, त्यालाही उत्तर द्यायचं नाही. चुकलं तर खोडायचं नाही, फाडायचं नाही. पट्टी कबरस्तानात नेऊन पुरायची.

"एक पुरलीय आम्ही," तो म्हणाला. "मी दुसरीत होतो. मी बाहेरून हाक मारली, त्यांचा हात हलला. माणूस गेल्यासारखा खड्डा खणला होता बाबांनी."

आता त्यांचा हात थरथरायचा. एकेक अक्षर फार वेळ घ्यायचं. बोरू ते स्वतः तासायचे आणि काम संपलं की मोझेलकडे धुवायला द्यायचे. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

"खरंच लिहितायत ना?" राफाएलनं विचारलं.

मोझेल देवाची शपथ कधी घेत नसे. भाजीवालीनं घातली तरी ती तिला थांबवायची.

"त्या नावाची शपथ," ती म्हणाली.

राफाएल खुर्चीत बसला.

थोड्या वेळानं ती बाळाला घेऊन आत गेली. आतून काही ऐकू आलं नाही. ती बऱ्याच उशिरा बाहेर आली आणि तिनं दार अगदी हळू ओढून घेतलं.

"बाळाच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून घेतला," ती म्हणाली.

"झालं लिहून?"

"थोडंच राहिलंय."

पॅसेजमधल्या आरशावर तिनं बाळाचं दुपटं टाकलं. स्वतःला बघून किंचाळतो, म्हणाली. मग बाळाला राफाएलच्या मांडीवर देऊन ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला. ती गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. बराच वेळ घालत होती.

खालच्या मजल्यावरच्या श्रद्धाकाकूंचा आवाज आला. "मोझेल, खडकवासला धरणाचे दरवाजे उघडलेत का गं? खाली माझे पापड आहेत. त्यांना पोहता येत नाही."

बुद्धभूषणला हसू आलं. राफाएलनं ओठांवर बोट ठेवलं आणि दाराकडे पाहिलं.

मोझेल परत आली. राफाएलनं पाणी मागितलं. आज गुरुवार, नळ बंद आहे, असं ती म्हणाली. ती बाबांच्या दाराला पाठ टेकून जमिनीवरच बसली. खुर्ची रिकामी होती. फरशी गार आहे, वर बस, असं राफाएल खुणेनं म्हणाला. ती उठली नाही.

पाच वाजायला आले. बुद्धभूषणचा फोन दोनदा थरथरला. दुसऱ्यांदा त्यानं राफाएलकडे नुसतं बघितलं.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. घसा ताणून, घर डोक्यावर घेऊन. राफाएल दचकला. त्यानं बाळाच्या तोंडाशी बोट नेलं, त्याला झुलवलं, मोझेलकडे पाहिलं. एरवी बाबा लिहीत असताना बाळाचा हुंकारही बाहेर पडू न देणारी मोझेल त्याला गप्प करत नव्हती.

"मोझेल, ऐकू जाईल ना त्यांना."

तिनं हात पुढे करून बाळाला घेतलं आणि छातीशी धरलं. "रडू दे त्याला," ती म्हणाली.

काहीतरी पाजावं म्हणून राफाएल बाळासाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला.

सवयीनं त्यानं आधी नळ सोडला. पाणी भरभरून आलं. ते तसंच वाहू देत त्यानं ओट्याकडे पाहिलं. माठ पालथा होता. कळशी पालथी होती. पिंप आडवं केलेलं, बाळाची बाटलीसुद्धा उघडी आणि रिकामी. आई गेली त्या दिवशी बाबांनी आरसे झाकले होते आणि घरातलं सगळं भरलेलं पाणी असंच त्याच्या हातून ओतवून घेतलं होतं.

खिडकीच्या कट्ट्यावर, उतरत्या उन्हात, बाबांचा बोरू धुऊन ठेवला होता. तो कधीचाच वाळला होता.