उद्याचा अध्याय

सून रात्रपाळी आटोपून घरात शिरली ती दारातच थबकली. टेबलाभोवती सगळे बसले होते, चहा ओतून झाला होता आणि सासऱ्यांनी रोजच्या वाचनासाठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं होतं. शेजारी काल संध्याकाळी मुक्कामाला आलेली नणंद, आणि तिच्यापुढे तिचं स्वतःचं पुस्तक.

नणंद शाळेत मास्तरीण. दुसरं कुणी वाचायला लागलं की हिचं बोट आपल्या पुस्तकातल्या ओळींवरून चालू लागायचं. एकदा तर चर्चमध्ये भर उपासनेत तिने पाळकसाहेबांना थांबवून, "एक ओळ राहिली," म्हणून सांगितलं होतं. पाळकसाहेब अजूनही ती समोर बसली की आधी चष्मा पुसतात.

आणि सासऱ्यांना दिसत नव्हतं.

हे फक्त सुनेला ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली होती. आता उपाय नाही, असं ते म्हणाले. परत येताना सासरे एवढंच बोलले, "घरात सांगू नकोस गं. दुकान गेलं, सायकल गेली. वाचनही गेलं, तर मी त्या टेबलाशी नुसता चहा प्यायला बसणार का?"

तेव्हापासून ड्यूटीवर निघण्याआधी ती वेणी घालता घालता दुसऱ्या दिवशीचा अध्याय मोठ्याने वाचायची. "मनातल्या मनात वाचलं तर माझ्या डोक्यात शिरत नाही, पप्पा." तेही म्हणायचे, "वाच की, मी कुठे ऐकतोय!" आणि कान टवकारून बसायचे. जन्मभर कुलपं दुरुस्त केलेला माणूस. एकदा ऐकलेलं आत पक्कं बसायचं. सकाळी पान समोर धरून घडाघडा म्हणायचे, अगदी मध्येच थांबून अक्षर लावल्यासारखं करत. नाटकी म्हातारा! सुनेला हसूही यायचं आणि भरूनही यायचं.

पण काल हॉस्पिटलच्या वॉर्डातून दुपारीच बोलावणं आलं आणि ती तशीच पळाली. अध्याय वाचायचा राहिला. बरं, राहावा तर कुठला? नेमका वंशावळीचा. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, अशी पानभर नावं. आणि गाळायची सोय नाही, कारण सासऱ्यांचाच नियम होता. देवाने गाळलं नाही, मग आपण कोण गाळणारे?

"पप्पा, आज मी वाचू?" तिने पिशवीही न ठेवता विचारलं.

"रात्रभर लोकांचं केलंस, आता बस जरा," सासरे म्हणाले. "मी आहे अजून."

त्यांनी घसा खाकरला. पहिली दोन-तीन नावं सगळ्या जगाला पाठ असतात, ती ठणठणीत आली. चौथं आलं. पाचव्याला ते थांबले. हात पानावरून फिरला, कागदावर काही चाचपून मिळणार असल्यासारखा. नणंदेचं बोटही थांबलं.

आता सांडावा का चहा, असं सुनेच्या मनात आलं. तिने कपाला हातही लावला.

"त्याला भट्टीवाला झाला," सासरे म्हणाले.

नणंदेने मान वर केली.

"भट्टीवाल्याला लोहार झाला," ते सावकाश म्हणाले. आता ते पानाकडे बघतही नव्हते. "लोहाराला घंटा ओतणारा झाला. घंटा ओतणाऱ्याला कुलूपवाला झाला. कुलूपवाल्याला एक मास्तरीण झाली आणि एक ड्रायव्हर झाला."

सुनेचा नवरा बस चालवायचा. सकाळच्या वाचनात तो नेहमी अर्धा झोपेतच असे. पाव चहात बुडवता बुडवता तो एकदम जागा झाला. "शास्त्रात ड्रायव्हर?"

"गप रे," नणंद म्हणाली.

"आणि म्हातारपणी कुलूपवाल्याचे डोळे गेले," सासरे म्हणाले. ते थांबले नाहीत. "तेव्हा त्याला एक सून झाली. ती रोज वाचायची, म्हणून तो वाचू शकला. इतके महिने."

नवऱ्याच्या हातातला पाव चहात गळून पडला, त्याने तो काढलाही नाही. सुनेला रडू आवरेना. ती सासऱ्यांच्या खुर्चीमागे जाऊन त्यांचे खांदे धरून उभी राहिली. त्यांनी पुस्तक हळूच मिटायला घेतलं.

"थांबा, पप्पा," नणंद म्हणाली.

"चुकलं ना गं?" सासरे म्हणाले. "पार चुकलं. मला माहीत आहे."

"बाकीचं सगळं चुकलंत," मास्तरीण म्हणाली. तिने आपलं पुस्तक भावाकडे सरकवलं आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "पण सून या खऱ्या वंशावळीतही आहे. हे बघ. परमुलखातून आलेली. तिच्यावाचून हे कूळ पुढे सरकतच नाही."