सातवं यंत्र

जर्मन तपासनीसाने विजारीचे दोन पाय दोन हातांत धरले आणि बुडाची शिवण फाडायला जोर लावला. शिवण हलली नाही. त्याने गुडघा लावला. तो लाल झाला, विजार होती तशीच.

“अख्ख्या घेट्टोत ही एकच धड आहे,” म्हणत त्याने ती सैन्याच्या ढिगावर टाकली आणि तो पुढच्या खोलीत गेला.

खाश्काने शिवणयंत्र थांबवलं. बियालिस्टोकच्या घेट्टोत, म्हणजे यहुद्यांना कोंडलेल्या वस्तीत, या कारखान्यात चाळीस यहुदी शिंपी जर्मन सैन्याचे कपडे शिवत होते. शिवण कच्ची ठेवायची, हे तिनेच एकेकाच्या कानात सांगितलं होतं. सापडला तो मालगाडीत, आणि त्या गाडीतून परत आलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. काल बेरेक गेला, एका सैल टाक्यापायी. आणि इथे म्हातारे फायवेल, सगळ्यांचे मानाचे ‘रेब’, जर्मनांच्या बुडाला जन्मभराची हमी देत होते.

“रेब फायवेल, बेरेकची तरी लाज बाळगा!”

“बेरेक सोन्यासारखा माणूस. पण त्याचा टाका आंधळ्यालाही दिसला असता. वाईट काम करायलासुद्धा हात लागतो, पोरी. हा दोरा ओढ.”

तिने ओढला. बोट कापलं, दोरा तुटला नाही.

“आता हा. गेल्या महिन्यातला.”

तो चिमटीतच भुगा झाला.

“रंगखात्यातलं तेजाब, पाण्यात थेंबभर. आज या दोऱ्याला घोडा बांध. महिन्याभरात विजार रशियाच्या बर्फात पोचते. तिथे शिपाई गोळी चुकवायला खाली बसला, की...” पुढचं बाईमाणसासमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून ते थांबले.

खाश्का कालपासून पहिल्यांदा हसली. हसत हसत तिने त्यांच्या मांडीवरची अर्धवट विजार उलटी केली. कमरपट्टीच्या आत निळ्या दोऱ्याने, यहुद्यांच्या यिद्दिशमध्ये नव्हे, स्वच्छ जर्मन अक्षरांत टाक्यांनी लिहिलं होतं: फायवेल, सातवं यंत्र.

तिचं हसू गेलं. “हे सगळ्यांवर आहे?”

“गेल्या महिन्यापासूनच्या सगळ्या.”

“अहो, उसवा ते! पहिली फाटली की सरळ तुमच्याकडे येतील!”

रेब फायवेलनी सुईत निळा दोरा ओवला.

“यायलाच हवेत. तक्रार कोणाकडे न्यायची, ते गिऱ्हाइकाला कळायला नको? नाहीतर बसतील बिचारे एकेका यंत्राला विचारत.”