आठपर्यंत

हॉल भरला तो बॉक्सिंग संपल्यावर. सुरुवातीच्या दोन लढती बॉक्सिंगच्या होत्या, पण त्या केवळ लोकांना गाड्या लावून जागेवर येईपर्यंत वेळ जावा म्हणून. मग दिवे मंद झाले, लढतीच्या जाळीदार पिंजऱ्यावर निळा उजेड पडला आणि बाहेर कॉफी पीत रेंगाळलेली माणसं पेले टाकून आत धावली. लाथ, ठोसा, पकड, सगळं चालतं अशी लढत बघायलाच त्यांनी पैसे मोजले होते.

जाळीबाहेर, आज पिंजऱ्यात उतरणाऱ्या पोरीच्या कोपऱ्यात दोन स्टुलं होती. एकावर तिचे नवे सर, दुसऱ्यावर बाबा. सरांनी तिला गेल्या काही महिन्यांत पकडी आणि जमिनीवरची झुंज शिकवली होती. त्याआधीची सगळी वर्षं बाबांची आणि बॉक्सिंगची. सरांना हे दुसरं स्टूल मनातून नको होतं, पण पोरगी हटून बसली. बाबा कोपऱ्यात नसतील तर मी उतरणारच नाही, म्हणाली.

आज जिंकली तर तिला वर्षभराच्या लढतींचा करार मिळणार होता. बॉक्सिंगमधली तिची शेवटची लढत बघायला चार नातेवाईक आणि हॉलचा वॉचमन होता, आणि त्यातला वॉचमन मध्येच उठून गेला होता. बाबांनी हे सगळं मुकाट्याने गिळलं होतं. तिचे नवे, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे बघून ते एवढंच म्हणाले, "हे घालून भाजी निवडायची आहे का?" त्यावर ती पोट धरून हसली होती.

पहिली फेरी पोरीची झाली. डावा हात पुढे ठेवून तिने समोरचीला जवळ फिरकूच दिलं नाही. बाबांची छाती फुगली. "बघा," ते सरांना म्हणाले, "याला बॉक्सिंग म्हणतात."

"हो काका," सर म्हणाले. त्यांचं लक्ष पोरीच्या पायांकडे होतं.

दुसऱ्या फेरीत समोरचीने तिच्या मांडीवर लाथ घातली. पोरगी वाकली, तसा कानशिलावर ठोसा बसला आणि ती एका गुडघ्यावर आली. अख्खा हॉल उभा राहिला.

"पाय धर!" सर जाळीला तोंड लावून ओरडले. "तिचा पाय धर, पाय!"

समोरचीचा पाय पोरीच्या हातात आलाही. पण पडलं की आधी आपला कोपरा बघायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने मान वळवली. सरांच्या मागे उभे राहून बाबांनी उजवा तळवा उघडा धरून खाली दाबला होता. ही खूण तिला लहानपणापासून पाठ होती. घाई नको. गुडघा टेकून बस. पंच दहापर्यंत मोजतो, आपण आठपर्यंत श्वास घ्यायचा आणि मग उठायचं. तोवर तुला कोणी हात लावणार नाही.

तिने पाय सोडला. श्वास घेतला.

पिंजऱ्यात कोणी मोजत नाही. खाली गेलेल्याला मारायचं नाही, असा नियमही तिथे नाही. समोरची तिच्या अंगावर कोसळली आणि पंचाने लढत थांबवून तिला ओढून बाजूला करेपर्यंत मारत राहिली. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. बाबांचा तळवा अजून तसाच खाली दाबलेला होता. तो हात आपला आहे हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं, आणि आलं तेव्हा त्यांनी तो खिशात घातला.

डॉक्टरांच्या खोलीत पोरगी टेबलावर बसली होती. डावा डोळा सुजून पार मिटला होता. सरांचा पारा चढलेला.

"पाय हातात आला होता तुझ्या! सोडलास कशाला? इतके दिवस काय घोकून घेतलं मी?"

"विसरले, सर. चूक माझीच."

बाबा बोलायला पुढे झाले. तिने उरलेल्या एका डोळ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागच्या जागी थांबले.

लढती भरवणारा मॅनेजर दारातूनच बोलला. "पब्लिक खूश आहे हां. वर्षाचं काही जमणार नाही आता. पण आमच्या नव्या मुलींसमोर उभं करायला कोणीतरी लागतंच. बोलावतो."

"चालेल," ती म्हणाली. सर मान हलवत त्याच्या मागोमाग बाहेर गेले.

खोलीत दोघंच उरली. बाबा तिच्या डोळ्यावर बर्फाची पिशवी धरून उभे होते. पाणी त्यांच्या बाहीत उतरत होतं, तरी हात हलू देत नव्हते. लेकीला आपल्या हाताने आपणच मारलं, असं त्यांना वाटत होतं.

"मला वाटलं, पंच मोजेल," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं, बाबा."

बाहेर पुढच्या लढतीची नावं पुकारली गेली. भिंत हादरावी एवढ्या टाळ्या पडल्या.

"बाबा, पुढच्या वेळी तुम्ही कोपऱ्यात नका बसू. तुम्ही दिसलात की मी तुमचंच ऐकते."

"बरं," ते म्हणाले. "मग मी कुठे बसू?"

"लोकांत बसा. मागे, मला दिसणार नाही असे," ती म्हणाली. "मी काढीन तुमचं तिकीट."